पेटीचा फेडर शून्यावर, तरी पेटी ऐकू येतेच: घरच्या अभंगाचं मिक्सिंग

काळी_एक:

नमस्कार मंडळी. घरी एक अभंग रेकॉर्ड केलाय, मिक्सिंगला गाडी अडलीय. आधी सगळा तपशील देतो, म्हणजे नेमकं सांगता येईल.

खोली १० बाय १२ फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा), एक लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर माइक, एक एसएम ५८ हा डायनॅमिक माइक. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पट्टी काळी एक, पुरुषाचा आवाज, भजनी ठेका, क्लिक (लय धरायची टिकटिक) नाही. पहिल्या फेरीत गाणं आणि पेटी एकत्र, कारण गाणारा आणि वाजवणारा एकच. कंडेन्सर वरून टांगलेला, तोंडापासून ८ इंच, तोंड खाली. पेटीला ५८, भात्याच्या बाजूने दीड फुटावर. दुसऱ्या फेरीत तबला-डग्गा, तबल्याला कंडेन्सर आणि डग्ग्याला ५८, दोन्ही साधारण फुटावर. तिसऱ्या फेरीत टाळ. तानपुरा ॲपमधून थेट लाइनने.

आता दुखणी. आवाज चोंदल्यासारखा येतो, ३०० हर्ट्झच्या आसपास कापला की चोंदलेपणा जातो पण आवाजातला जीवही जातो. पेटी आवाजावर चढते आणि पेटीचा फेडर (पातळी खालीवर करायची पट्टी) पार खाली ओढला तरी पेटी ऐकू येतेच, उलट आणखी लांबून, डब्यातून आल्यासारखी. डग्गा हेडफोनवर दणदणीत, मोबाइलवर नाहीसा. आणि मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) शिखरं दाबणारा लिमिटर लावून उणे ८.२ एलयूएफएसपर्यंत (सरासरी मोठेपणाचं माप) नेलं, ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) अधिक ०.६ दाखवतोय, तरी यूट्यूबवर इतरांच्या गाण्यांपेक्षा मोठं वाटत नाही आणि टाळ वाजला की आवाज आत खेचला जातो.

कुठून सुरुवात करू?


भाताबंद:

इक्वलायझर (एकेक पट्टा कमीजास्त करायचं साधन) बाजूला ठेवा आणि एक मोजमाप करा. गाणं थांबून नुसती पेटी वाजतेय अशी जागा शोधा, ध्रुवपदानंतरचा तुकडा चालेल. तिथे पेटीच्या ट्रॅकवर मीटर किती दाखवतो आणि आवाजाच्या ट्रॅकवर किती, ते बघा. पण त्याआधी दोन्ही ट्रॅक अशा पातळीला आणा की मिक्समध्ये तुम्हाला ते जसे हवेत तसे बसतील. आवाजाच्या ट्रॅकमधली पेटी ही पेटीच्या ट्रॅकपेक्षा निदान १० ते १२ डीबी खाली पाहिजे. तुमच्या मांडणीवरून ती ४-५ डीबीच खाली असेल असा अंदाज आहे. असं असेल तर तुमच्याकडे पेटीचा फेडर नाहीच. तो पेटीचा रंग बदलणारा खटका आहे.

कारण असं. पेटीपासून आवाजाचा माइक अंदाजे अडीच फूट, पेटीचा माइक दीड फूट. एका फुटाचा फरक म्हणजे ०.८९ मिलिसेकंद, ४८ किलोहर्ट्झला ४३ सॅम्पल. एकच आवाज एवढ्या फरकाने दोनदा मिसळला की ५६० हर्ट्झला पहिला खड्डा पडतो, मग १६९० ला, मग २८१० ला, असे खड्डे पडत जातात. तुमचा सा १३८.६ हर्ट्झचा, त्याचा चौथा स्वरांश (मूळ सुराच्या चौपटीचा सूर) ५५४. म्हणजे खड्डा नेमका षड्जाच्या अंगावर. डब्यातून आल्यासारखी पेटी म्हणताय ती हीच. फेडर खालीवर केला की खड्ड्याची खोली बदलते, म्हणून पेटीचा आवाज कमी होण्याऐवजी तिचा पोत बदलतो.

पुन्हा रेकॉर्ड करणं शक्य असेल तर मांडणीच फिरवा. कार्डिऑइड (समोरचं ऐकणाऱ्या) माइकची पाठ बहिरी असते, बाजू नव्हे. ९० अंशांवर तो जेमतेम ६ डीबी कमी ऐकतो, बरोबर मागून मध्यसप्तकाच्या पट्ट्यात १५ ते २५ डीबी कमी. वरून टांगलेला माइक तोंडाकडे बघताना त्याच रेषेत खालची पेटीही बघत असतो, हा सगळा घोळ तिथला. त्याऐवजी स्टँड पेटीच्या पलीकडे ठेवून बूम (स्टँडचा दांडा) आडवा आत घ्या. माइक छातीच्या उंचीला, तोंडापासून ५-६ इंच, खालून वर तोंडाकडे बघणारा. आता त्याची पाठ पेटीकडे झाली. दुसरा माइक त्याच्याच खाली, तोंड पेटीच्या झाकणाच्या जाळीकडे, सुरांपासून ९-१० इंच वर, म्हणजे त्याची पाठ गाणाऱ्याकडे. दोघे पाठीला पाठ लावून बसल्यासारखे. दोन्ही कॅप्सूल जवळजवळ असल्यामुळे जे थोडंफार गळेल त्यातही वेळेचा फरक कमी राहतो. पॉप फिल्टर मात्र हवाच, खालून येणारा माइक ‘फ’ आणि ‘भ’ची हवा थेट घेत नाही पण थोडी घेतोच.

भात्याच्या बाजूने माइक लावू नका. तिथे सूर कमी आणि वारा जास्त. आणि पेटी खर्ज-नर (सुरांचे दोन संच असलेली) असेल तर खर्जाचा स्टॉप बंद ठेवून एकदा वाजवून बघा. १०० ते ३०० हर्ट्झमधली निम्मी गर्दी तिथेच संपते, ती जागा आवाजाला मिळते. धरलेला षड्ज-पंचमाचा स्टॉपही बंद, तानपुरा आहेच की.


साडेतीन_पट्ट्या:

आवाजाला ५८ आणि पेटीला कंडेन्सर असं उलटं केलं तर? डायनॅमिक माइक लांबचं ओढत नाही.


भाताबंद:

@साडेतीन_पट्ट्या, हा समज फार पसरलाय. अंतर सारखं आणि पॅटर्न सारखा असेल तर आवाज आणि पेटी यांचं प्रमाण दोन्ही माइकमध्ये जवळपास तेच येतं. ५८ चा आउटपुट कमी म्हणून आपण गेन चढवतो, पेटीही सोबत चढते. डायनॅमिकने खोली कमी येते असं वाटतं कारण लोक तो दोन-तीन इंचांवर धरतात. कंडेन्सरही दोन इंचांवर आणा, तोही खोली घेणार नाही, फक्त प्रॉक्झिमिटीने (जवळ आल्यावर खालचे सूर फुगल्याने) आवाज जाड होईल. तरी ५८ वापरायला हरकत नाही: तो ३ इंचांवरचा धक्का सोसतो आणि वरच्या टोकाला सौम्य आहे. निवड त्या कारणासाठी करा.


नुसताच_डग्गा:

तबल्याकडे वळतो, कारण ते वीस मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक लोक ते न करता थेट कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावतात.

मास्टर मोनो (डावं-उजवं एकत्र) करा. तबला आणि डग्गा दोन्ही ट्रॅक चालू ठेवा, बाकी सगळं बंद. ‘धा’ लांबवलेला एखादा ठोका लूपवर घ्या आणि डग्ग्याच्या ट्रॅकवरचं पोलॅरिटीचं (लहर उलटी करायचं) बटण उलटसुलट करत ऐका. ज्या स्थितीत घुमारा भरतो ती ठेवा. पोलॅरिटी उलटून फार फरक पडला नाही तर ट्रॅकच्या राउटिंग खिडकीत मीडिया प्लेबॅक ऑफसेट आहे, त्यात डग्गा १० ते ४० सॅम्पल मागेपुढे करून बघा. दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद, हे डोक्यात ठेवलं की किती सरकवायचं त्याचा अंदाज येतो.

मग खोली. १२ फुटांची भिंत ४७ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, ९४ ला, घुमते. १० फुटांची ५६ आणि ११२ ला. डग्ग्याचा घुमारा साधारण ७० ते ११० हर्ट्झमध्ये वरखाली होतो, मनगटाने दाबून मींड घेतली की त्याहून वर सरकतो. म्हणजे मींड घेताना तो ९४ वरून जातो आणि तिथे उसळतो, मध्ये पडतो, पुन्हा ११२ ला उसळतो. हा दोष बोटांचा नाही. इक्वलायझरने सबंध पट्टा कापू नका, ९४ आणि ११२ ला अरुंद, क्यू (अरुंदपणाचं माप) ५-६, ३ डीबीचे दोन काप द्या. कुठे किती ते कानाने ठरवा. आणि खालचं टोक स्पीकरवर ठरवू नका, ती खोली ऐकतानाही तुम्हाला त्याच जागी फसवते. हेडफोन घ्या.

मोबाइलवर डग्गा गायब होतो त्याचं कारण साधं आहे, मोबाइलचा स्पीकर ८० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. तिथे १० डीबी वाढवलं तरी काही येणार नाही, फक्त हेडरूम (आवाज फुटण्याआधीची शिल्लक जागा) खाल्लं जाईल. उपाय वरच्या स्वरांशांचा. डग्ग्याच्या ट्रॅकची नक्कल करा, नकलेवर सॅच्युरेशन (नवे स्वरांश वाढवणारा इफेक्ट) चांगलं चढवा, मग १५० च्या खालचं आणि ६०० च्या वरचं कापा. ही नक्कल मूळ ट्रॅकपेक्षा १०-१२ डीबी खाली ठेवून हळूहळू वर आणा. १६०, २४०, ३२० हर्ट्झ ऐकू आलं की कान ८० स्वतःच भरून काढतो. मोबाइलवर ‘घे’ उमटला की थांबा. हेडफोनवर तो खरखरीत वाटायला लागला तर एक-दीड डीबी जास्त झालंय.

तबल्याला कंप्रेसर लावायचा तर अटॅक (दाबणं सुरू व्हायला लागणारा वेळ) २५-३० मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. ‘ना’ची चाटेवरची टक्कर पहिल्या काही मिलिसेकंदांत संपते, ती चिरडली की तबला डब्यावर वाजवल्यासारखा होतो. रेशो २ ला १, जास्तीत जास्त ३ डीबी. माझ्या मते भजनी ठेक्याला लावायची गरज फारशी नसतेच, ठोकेच एकसारखे असतात.

आणखी एक, तबला सुरात आहे का ते तानपुऱ्यासोबत एकट्याने ऐका. शाईमुळे तबल्याचे स्वरांश इतर चर्मवाद्यांसारखे विस्कळीत नसतात, ते पूर्ण पटींत बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे दाखवलं. त्याचा तोटा इथे होतो: ढोल थोडा सरकला तर कळत नाही, तबला १० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकला तर तानपुऱ्याशी लाटा उठतात. ॲपमधला तानपुरा ४४० ला धरून असतो, पेटी क्वचितच असते. ट्यूनरवर पेटीचा सा मोजा आणि तानपुऱ्याचा बारीक खुंटा सेंटमध्ये फिरवून पेटीला मिळवा. तबला ट्रॅक तेवढाच सरकलेला असेल तर रीपरमधल्या इलास्टिक या सूर सरकवायच्या पद्धतीने ५-१० सेंट हलवायला चालतं, त्याहून जास्त नको, चाटेचा टणत्कार मेणचटतो.


काळी_एक:

मनापासून आभार. मोजलं. आवाजाच्या ट्रॅकमधली पेटी ५ डीबीच खाली आहे, भाताबंद यांचा अंदाज बरोबर. डग्ग्याची पोलॅरिटी उलटी होती, बटण दाबताच घुमारा आला. पेटी ट्यूनरवर ८ सेंट वर निघाली.

गाणं-पेटी पुन्हा घेता येईल, पण दोन-तीन आठवड्यांनी. तोवर आहे त्यातून काय वाचवता येईल? आणि तबला आधीच्या गाण्यावर वाजवलाय, क्लिक नाही, मग नवं गाणं त्यावर बसेल का?


भाताबंद:

शेवटचा प्रश्न आधी. बसेल, पण उलट्या क्रमाने. जुनं गाणं हेडफोनच्या एका कानात अगदी हळू आणि तबला दोन्ही कानांत असं देऊन गायचं. अभंगात लय चढत जाते, ती चढण आता तबल्यात कोरली गेलीय, गायकाने तिच्यामागे जायचं. बंद हेडफोन घ्या, नाहीतर तबला आवाजाच्या माइकमध्ये शिरेल. रेकॉर्ड करताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा, ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो, तो कानाला जाणवत नाही. मिक्स करताना १०२४ करा.

आता हाताशी आहे त्याचं. आवाज आणि पेटी ही दोन वाद्यं आहेत हे विसरा. दोन्ही ट्रॅक एका बसमध्ये (सामाईक ट्रॅकमध्ये) घाला आणि त्या बसला एकच वाद्य समजून मिक्स करा. पेटीचा ट्रॅक ४३ सॅम्पल उशिरा करून बघा, पेटी दोन्हीकडे जुळेल. पण पेटीच्या माइकमध्ये गाणंही शिरलेलं आहे आणि ते आता आणखी उशिरा येईल, म्हणून दोन्ही स्थितींत मोनोमध्ये ऐका आणि आवाज ज्यात जवळ वाटतो ती घ्या. पेटीच्या ट्रॅकवर २०० च्या खालचं कापा. बहुतेक वेळा असं निघतं की पेटीचा ट्रॅक ठेवायचाच तर १०-१२ डीबी खाली, नुसती धार देण्यापुरता.

आवाजाच्या चोंदलेपणाबद्दल: ३०० ला कापून जीव जातो कारण तिथे फक्त पेटी नाही, पुरुषाच्या आवाजाचा दुसरा-तिसरा स्वरांशही आहे. कायमचा काप देण्याऐवजी डायनॅमिक इक्वलायझर घ्या. टीडीआर नोव्हा फुकट मिळतो. २८० हर्ट्झ, क्यू १.२, थ्रेशोल्ड (काप सुरू व्हायची पातळी) असा की जोरात गाताना ३-४ डीबी खाली जावं आणि हळू ओळीत हातही लागू नये. हाय पास (खालचं कापणारा फिल्टर) ८५ हर्ट्झला, १२ डीबी प्रति सप्तक. या पट्टीत मंद्र पंचम १०४ हर्ट्झचा, त्याला धक्का लागत नाही. पुढे कोणी काळी पाचला गाणारी बाई रेकॉर्ड करत असेल तर तिचा मंद्र पंचम १७५ च्या आसपास, हाय पास १३०-१४० पर्यंत बेलाशक न्या.

नव्या टेकमध्ये गळती, म्हणजे आवाजाच्या ट्रॅकमध्ये शिरलेली पेटी, १२ डीबीपेक्षा जास्त खाली गेली की खरी मजा. पेटीची साथ म्हणजे गायकाचाच स्वर, त्याच सप्तकात, त्याच क्षणी. गिटार आणि आवाज यांना वेगवेगळे पट्टे वाटून देतात तसं इथे करता येत नाही, कारण पेटी आवाजाच्या मागोमाग सरकतेय. म्हणून साइडचेन, म्हणजे आवाजाच्या इशाऱ्यावर पेटी आपोआप दबणं. आवाजाच्या ट्रॅकवरून पेटीच्या ट्रॅकच्या ३/४ चॅनेलला सेंड द्या, पेटीवर नोव्हा लावून बाहेरचं साइडचेन चालू करा, पट्टा १.५ ते ३.५ किलोहर्ट्झ, आवाज आला की पेटी ४ डीबी खाली, अटॅक १५, रिलीज (परत वर यायचा वेळ) २०० मिलिसेकंद. रिलीज ८० ठेवलं तर पेटी दोन शब्दांमध्ये धापा टाकते. पेटी डावीकडे २० टक्के. आणि मग हाताने ऑटोमेशन: ओळ संपली की पेटीला २ डीबी वर, पुढची ओळ सुरू होण्याआधी अर्ध्या मात्रेत परत खाली. प्लगइन कितीही लावा, साथीदार जागा भरतो ते या दोन डीबीतच ऐकू येतं.

आवाजावर कंप्रेसर दोन टप्प्यांत. आधी ४ ला १, अटॅक ५, रिलीज ६०, फक्त उंच जागांवर ३ डीबी. मग २ ला १, अटॅक २५, रिलीज १५०, सतत २-३ डीबी. एकाच कंप्रेसरने ७ डीबी ओढलं की श्वास पुढे येतात आणि खोलीही. डी-एसर (‘स’सारखे टोचणारे ध्वनी दाबणारा) कंप्रेसरनंतर. आपल्याकडे ‘स’पेक्षा दंततालव्य ‘च’ जास्त छळतो, ‘चंद्र’मधला नव्हे, ‘चोर’मधला. तो ६ ते ८ किलोहर्ट्झला फुटतो. इंग्रजी गाण्यांसाठी बनवलेल्या प्रीसेटमध्ये पट्टा ५ ला असतो, तो सरकवून घ्या.


मोनो_माणूस:

मास्टरिंगचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. यूट्यूबवर तुमच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. नॉर्मलाइज्डच्या पुढे ५१ टक्के आणि कंटेंट लाउडनेस ५.८ डीबी असं काहीसं असेल. म्हणजे तुम्ही उणे १४ वरून उणे ८.२ पर्यंत लिमिटरने जे कमावलं, ते यूट्यूबने ५.८ डीबी खाली ओढून परत केलं. मोठेपणा गेला, चिरडलेले ठोके राहिले. उणे १४ वर ठोके शाबूत असलेलं गाणं शेजारी वाजलं की तेच मोठं वाटणार. स्पॉटिफायचंही नेहमीचं सेटिंग उणे १४ ला धरून आहे, ॲपल म्युझिक साउंड चेक चालू असेल तर उणे १६. उलट बाजूची काळजी एकच: यूट्यूब हळू गाणं वर उचलत नाही. उणे २० वर सोडलंत तर ते उणे २० वरच राहील.

तुमच्या गाण्याला उणे १४ ते उणे १२.५ पुरे. मास्टरवर फार काही लागत नाही. २५-३० हर्ट्झला हाय पास. १.५ ला १ चा कंप्रेसर, अटॅक ३०, रिलीज ऑटो, सुई १ डीबीच्या पुढे जायला नको. लिमिटर, सीलिंग ट्रू पीक उणे १, सगळ्यात जोरकस जागी २-३ डीबी. मास्टरच्या इक्वलायझरवर २ डीबीपेक्षा जास्त द्यावंसं वाटलं तर दोष कुठल्यातरी एका ट्रॅकमध्ये आहे, तो ट्रॅक शोधा. रीपरमध्ये रेंडरच्या खिडकीत ड्राय रन आहे, फाइल न बनवता एलयूएफएस आणि ट्रू पीक दोन्ही सांगतो. दरवेळी पूर्ण रेंडर करत बसू नका.

अधिक ०.६ ट्रू पीक म्हणजे काय, तर सॅम्पल शून्यावर थांबलेत पण त्यांच्यामधून जाणारी लहर शून्याच्या वर गेलीय. वेव्हमध्ये ते खपून जाईल, यूट्यूबने एएसी किंवा ओपसमध्ये दाबल्यावर शिखरं आणखी वर सरकतात आणि फुटतात. टाळावर ऐकू येणारी खरखर बहुधा हीच.

टाळ वाजला की आवाज आत जातो, तेही मास्टरवर सोडवायचं नाही. टाळाचं शिखर आवाजाच्या शिखरापेक्षा ६-८ डीबी वर असतं आणि क्षणात संपतं. मास्टरचा लिमिटर त्या शिखरासाठी सगळं गाणं खाली दाबतो. टाळाच्या ट्रॅकवरच वेगळा लिमिटर किंवा क्लिपर लावा, ४-५ डीबी शिखर तिथेच कापा, कानाला कळणारही नाही. मग ३.५ ते ५ किलोहर्ट्झमध्ये जो सूर टोचतो तो अरुंद कापाने शोधा. पुढच्या वेळी टाळ माइकपासून ४ फुटांवर, खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ न करता. टाळाला कडा असते ती जवळून फक्त टोचते.

रेंडर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. तीच यूट्यूबच्या व्हिडिओत टाका. एमपी३ बनवून चढवलंत तर दोनदा दाबलं जाईल. डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक खरखराट) फक्त १६ बिट काढतानाच. गाणं कोणाला ऐकायला पाठवायचं तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून.

तुलनेसाठी दुसरं गाणं प्रोजेक्टमध्ये घेताना त्याचा फेडर खाली आणून तुमच्या एलयूएफएसला मिळवा. न मिळवता ऐकलं तर जे मोठं तेच बरं वाटतं.


साडेतीन_पट्ट्या:

रिव्हर्बबद्दल (मोठ्या जागेतल्या घुमण्याबद्दल) कोणी बोललंच नाही. देवळाचा फील हवा असेल तर ३ सेकंदांचा हॉल लावा, मस्त वाटतं.


भाताबंद:

तीन सेकंदांत भजनी ठेक्याची पुढची ओळ येऊन जाते, शब्द एकमेकांवर चढतात. अभंगात शब्दच गाणं आहे. सेंडवर (प्रत्येक ट्रॅकमधून हवा तेवढा पाठवून) एकच रिव्हर्ब, १.४ ते १.६ सेकंद, प्री-डिले ३५-४० मिलिसेकंद, म्हणजे व्यंजन कोरडं पोचतं आणि मग शेपूट सुरू होते. रिव्हर्बच्या आधी इक्वलायझर लावून ३०० च्या खालचं आणि ५५०० च्या वरचं कापा, नाहीतर ‘च’ आणि टाळ सगळ्या देवळात शिंपडले जातात. आवाज जास्त, पेटी त्याच्या निम्मी, तबल्याला चवीपुरता, डग्ग्याला शून्य, तानपुऱ्याला शून्य. तानपुरा ॲपमधला असला तरी त्याच्या नादात आधीच जागा आहे. वाटलंच तर शेवटच्या ओळीला, लय थांबल्यावर, सेंड ३ डीबी वाढवा, तिथे देऊळ ऐकू द्या.

आणि पिच करेक्शन कुठे लावायच्या बेतात असाल तर आपोआप चालणारं नको. ते मींडीला जिना करून टाकतं. मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा लांबलेला स्वर हाताने हलवा, मुरकी आणि कणस्वर जसेच्या तसे सोडा. गळती असलेल्या ट्रॅकवर तर अजिबात नाही: आवाज सरकेल, त्यामागची पेटीही सरकेल, आणि पेटीच्या ट्रॅकमधली पेटी जागेवरच राहील.


नुसताच_डग्गा:

नव्या टेकआधी खोलीचं थोडं बघा. पंखा आणि एसी बंद, फ्रिज बाजूच्या खोलीत असेल तर तासाभरापुरता बंद आणि घराची चावी फ्रिजवर ठेवा म्हणजे नंतर चालू करायला विसरणार नाही. चोकवाली ट्यूबलाइट असेल तर १०० हर्ट्झची गुणगुण येते, एलईडीखाली बसा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण गेली तर अर्थिंगचा घोळ आहे, बॅटरीवर रेकॉर्ड करा. गादी किंवा दुपदरी गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, समोर नको. माइक गाणाऱ्याकडे बघतोय, म्हणजे त्याला गाणाऱ्यामागची भिंत ऐकू येते. अंड्याचे ट्रे चिकटवू नका, ते वरची झालर खातात आणि तुम्हाला त्रास देणारं ३०० च्या खालचं सगळं तसंच सोडतात.

गेन: सगळ्यात उंच जागा गाऊन घ्या, शिखर उणे १० च्या आसपास लागेल असा ठेवा. २४ बिटमध्ये कमी रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं. आणि सुरू करण्याआधी दहा सेकंद कोणी न हलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा, रीपरच्या रिआफिर या खरखर काढणाऱ्या प्लगइनला सबट्रॅक्ट मोडमध्ये नमुना लागतो. पण तो ६ डीबीच्या पुढे ओढू नका, तानपुऱ्याच्या नादात पाण्याखालचे बुडबुडे येतात.


काळी_एक:

पाठीला पाठ मांडणीचा नुसता चाचणी टेक घेतला. आवाजाच्या ट्रॅकमधली पेटी आता ५ ऐवजी १४ डीबी खाली. आवाजाचा ट्रॅक एकटा ऐकला तर पेटी शेजारच्या खोलीत वाटते. एक शंका: वाजवताना गाणारा पुढे वाकला की माइक अडीच-तीन इंचांवर येतो आणि आवाज एकदम जाड होतो. बूम मागे घेऊ का?


भाताबंद:

मागे घेऊ नका, गळती परत वाढेल. पॉप फिल्टर माइकपासून ४ इंचांवर घट्ट बसवा, ओठ त्याच्या पुढे जाणार नाहीत. पेटीखाली दोन इंचांची फळी ठेवली तर वाकणंही कमी होतं. तरी उरलेला जाडपणा १५० हर्ट्झच्या शेल्फवर (त्याखालचं सगळं एकत्र उतरवणाऱ्या कापाने), वाकलेल्या ओळींपुरता ऑटोमेशनने ३ डीबी उतरवा.